पाचशे चाळीस चौकोन

वर्षअखेरीस सर निवृत्त झाले आणि जाताना माझ्या टेबलावर एक पत्र्याचा डबा आणि एक जाडजूड डायरी ठेवून गेले. डब्यात चिठ्ठ्या होत्या. जुन्या फायलींच्या पुठ्ठ्यातून कापलेल्या, काडेपेटीएवढ्या, एकवीस रंगांच्या. प्रत्येक शिक्षकाचा एक रंग. बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक ते या चिठ्ठ्या मांडून लावत आले होते. "आता तुम्ही," एवढंच म्हणाले. मुख्याध्यापिका बाईंनी त्याला कारण जोडलं, "तुमचं गणित आहे, तुम्हाला जमेल."

गणित आहे म्हणूनच मी हो म्हटलं, हे कबूल करते. आठवी, नववी, दहावीच्या चार-चार अशा बारा तुकड्या. शनिवारचा अर्धा दिवस धरून आठवड्याचे ४५ तास. म्हणजे ५४० चौकोन. वीस शिक्षक, शिवाय चित्रकलेच्या अर्धवेळ बाई. एक प्रयोगशाळा, एक संगणक कक्ष, एक मैदान. माझ्या डोळ्यांसमोर एक सुबक कोडं होतं आणि सुट्टीतली दोन दुपार. चिठ्ठ्यांचा डबा मी कपाटात टाकला आणि लॅपटॉप उघडला.

वर्ष सुरू होतं ते घंटेने, असं मुलांना आणि पालकांना वाटतं. शाळेत ते सुरू होतं कार्यभार वाटपाच्या बैठकीने. कोणाकडे कोणते वर्ग, कोणाचे किती तास, वर्गशिक्षक कोण. या बैठकीत फार मोठी माणसं फार छोट्या आकड्यांवरून भांडतात. "त्यांना २६ आणि मला २७ का?" त्या एका तासाच्या आत कित्येक वर्षांचं काहीबाही भरलेलं असतं. गणिताचं तेवढं बरं होतं : बारा तुकड्या, प्रत्येकी सात तास, एकूण ८४. आम्ही तिघं, प्रत्येकी २८. भांडायला जागाच नाही.

यादी हातात आल्यावर मी पहिली चूक केली. आधी गणित लावायला घेतलं, कारण ते माझं होतं आणि सगळ्यात मोठं होतं. दीड दिवसाने चित्रकलेपाशी आले तेव्हा कळलं की काय करून बसलेय. चित्रकलेच्या बाई सोमवार, मंगळवार, बुधवार येतात आणि मधल्या सुट्टीला जातात. दिवसाला चार तास, तीन दिवसांचे बारा. तुकड्याही बाराच. एक चौकोन इकडे नाही, एक तिकडे नाही. त्या बारा जागांपैकी नऊ माझ्या गणिताने आधीच बळकावल्या होत्या. सरांच्या डायरीच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, "ज्याला जागा कमी, त्याला आधी बसवा." मी ते पान वाचलंच नव्हतं. प्रस्तावना असेल असं समजून पुढे गेले होते.

सगळं पुसलं. आधी चित्रकला. मग प्रयोगशाळा : दर तुकडीला आठवड्यातून एकदा जोडतास, आणि तो मधल्या सुट्टीच्या अलीकडे-पलीकडे तुटता कामा नये, नाहीतर अर्ध्या प्रयोगावर पेटते बर्नर बंद करून मुलं डबा खायला पळतात. मग मैदान. मग पहिले तास, कारण हजेरी वर्गशिक्षकांनी घ्यायची. तिथेही चित्रकला आडवी आली. आठवड्यात तीन तुकड्यांचा पहिला तास चित्रकलेचा होता, म्हणजे त्या दिवशी हजेरीपट रंगांच्या पेटीशेजारी. बाई म्हणाल्या, "घेईन की. निदान मुलांची नावं तरी कळतील मला." सात वर्षं त्या शाळेत येत होत्या.

मग सुरू झाल्या अटी.

कोणीही त्यांना अटी म्हणत नाही. "फक्त एक विनंती होती" असं म्हणतात, आणि तेही स्टाफरूममध्ये नाही, जिन्यात गाठून. इतिहासाच्या सरांचा गुडघा : तिसऱ्या मजल्यावरचा तास आणि लगेच तळमजल्यावरचा, असं नको. भाषेच्या मॅडमना सलग चार तास नकोत, घसा बसतो. पी.टी.च्या सरांना मधल्या सुट्टीनंतरचा तास नको, भरल्या पोटी धावून मुलांच्या पोटात कळा येतात. हे मला पटलं. एका सरांना सोमवारचा पहिला नको होता, आणि कारण विचारल्यावर ते म्हणाले, "सोमवार असतो ना." हेही खरं तर पटलंच होतं.

यंदा नव्याने आलेले एक तरुण सर होते. त्यांनी काहीच मागितलं नाही. "कसंही चालेल मॅडम." मला त्यांचं फार कौतुक वाटलं. कच्चा आराखडा छापून बघितला तर आठवड्यातले सहाच्या सहा शेवटचे तास त्यांच्याकडे. मी मुद्दाम केलं नव्हतं. बाकी सगळ्यांच्या भोवती कुंपणं होती, त्यामुळे जे जे नकोसं होतं ते घरंगळत या एका मोकळ्या माणसापाशी जाऊन साठलं. त्या दिवसापासून मी "कसंही चालेल" म्हणणाऱ्याला सोडत नाही, दोन तरी नको असलेले चौकोन वदवून घेते.

इथे माझ्यातली गणिताची बाई थोडं बोलून घेते. फक्त शिक्षक, तुकड्या आणि कोणाचे कुठे किती तास एवढंच असेल, तर वेळापत्रक नेहमी बसतं. डेनेश कोनिग या हंगेरियन गणितज्ञाने १९१६ साली आलेखांविषयी (म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा) जे प्रमेय मांडलं, त्यातून हे थेट निघतं : कोणत्याही शिक्षकाचे किंवा तुकडीचे तास उपलब्ध तासांपेक्षा जास्त नसले की झालं, मांडणी सापडतेच, आणि ती शोधायची रीतही त्या सिद्धतेत आहे. मग अवघड कधी होतं? शिक्षक "या वेळी मी नाही" म्हणतात तेव्हा. शिमॉन एव्हन, अलोन इताई आणि अदी शमीर या तिघांनी १९७६ मध्ये दाखवलं की अशी उपलब्धतेची बंधनं आली की प्रश्न एनपी-पूर्ण या कुप्रसिद्ध वर्गात जातो. तो हमखास झटपट सोडवेल अशी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. (शमीर म्हणजे तेच, ज्यांचं आद्याक्षर आरएसए या सांकेतिक पद्धतीच्या नावात मधोमध आहे. बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या माणसानेही शाळेच्या वेळापत्रकापुढे हात टेकले, याचा मला त्या दिवसांत फार आधार वाटायचा.)

म्हणजे अवघडपणा आकड्यांत नाही. तो गुडघ्यात, घशात आणि सोमवारात आहे. आणि मी ते सगळं "अडथळे" नावाच्या रकान्यात भरत होते.

सरांच्या डायरीत मात्र अडथळे नावाचं काही नव्हतं. तिथे प्रत्येक शिक्षकाचं एक पान होतं आणि त्यावर बारीक अक्षरात नोंदी. काहींना कारणं होती, काहींची कारणं सुटली की नोंद खोडलेली होती : "मूल आता मोठं झालं, पहिला तास चालेल." विज्ञानाच्या एका मॅडमच्या पानावर एकच ओळ होती. "मं., शु. आठवा नाही. विचारू नये." खाली दोन रेघा.

मी ती ओळ वाचली आणि तशीच रकान्यात उतरवली. पण कोणाला का म्हणून न विचारता सूट द्यायची, हे कुठेतरी खटकलं होतं. शेवटचा तास नको असणारे काय कमी होते?

सुट्टी संपायला चार दिवस उरले असताना ५३९ चौकोन भरले होते आणि एक तास हातात राहिला होता. नववी ब, विज्ञान. तुकडी मोकळी होती शुक्रवारी आठव्याला. तिथे शिकवणाऱ्या या मॅडम मोकळ्या होत्या बुधवारी पाचव्याला. बुधवारी पाचव्याला बसवावं तर नववी बमध्ये त्या वेळी दुसरं कोणीतरी. त्यांना शुक्रवार आठव्याला ढकलावं तर त्यांचा तिथे आधीच दुसरा वर्ग. तो वर्ग बुधवारवर आणावा, तर तिथे आणखी कोणी. या दोनच तासांच्या रांगांत अदलाबदल करत साखळी पुढे पुढे न्यायची, ती कुठेतरी मोकळ्या जागेत संपते. कोनिगच्या रीतीत हेच आहे, आणि डायरीत सरांनी "झोका देणे" या नावाखाली हेच चितारून ठेवलं होतं. मी झोका दिला. चौथ्या कडीला साखळी भाषेच्या मॅडमच्या सलग चार तासांवर आपटली. दुसऱ्या रांगा घेऊन बघितलं, तर इतिहासाच्या सरांचा गुडघा. रात्री साडेअकरापर्यंत मी झोके देत होते. सरळ उपाय समोर होता : मॅडमनी शुक्रवारचा आठवा घ्यायचा, बस्स.

सकाळी मी त्यांना विचारलं. विचारू नये लिहिलेलं असताना विचारलं. "शुक्रवारचा एकच आठवा आहे मॅडम, बाकी सगळं बसलंय."

त्या प्रयोगशाळेच्या कपाटात परीक्षानळ्या लावत होत्या. एक नळी त्यांनी उजेडाकडे धरून बघितली, पुसली, स्टँडमध्ये ठेवली. "एकच आहे ना? चालेल," म्हणाल्या. आणि पुढची नळी उचलली.

मला फार सुटल्यासारखं वाटलं.

शाळा सुरू झाली. पहिला दिवस कोणत्याही शाळेत सारखाच असणार. नवे वर्ग शोधत फिरणारी आठवी, उंची वाढून आलेली नववी, आणि आपण आता शाळेतले सगळ्यात मोठे आहोत हे चालण्यातून दाखवणारी दहावी. फळ्यावर वेळापत्रक लिहिल्यावर आठवीच्या मुलींनी पट्टी लावून, दोन रंगांच्या पेनांनी ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवलं. आपण केलेली गोष्ट कोणीतरी इतक्या निगुतीने लिहून घेतंय हे बघून मी भरून पावले होते. ते चाळीस मिनिटं टिकलं.

तिसऱ्या तासाला शिपाई मामा माझ्या वर्गाच्या दारात आले. "मॅडम, आठवी ड लई शांत आहे."

"मग चांगलंय ना मामा."

"पहिल्या दिवशी चांगलं नसतं."

मामांचं खरं होतं. आठवी ड मध्ये कोणीच शिक्षक नव्हते. मुलं हाताची घडी घालून बसली होती, वीस मिनिटं. नव्या शाळेत असंच असतं असं त्यांना वाटलं असावं. ज्या सरांचा तास होता ते त्याच वेळी नववी अ मध्ये शिकवत होते, आणि दोन्ही वेळापत्रकानुसार बरोबरच होतं. एका रांगेत एकाच शिक्षकाचा संकेत दोनदा आला की चौकोन लाल व्हावा, अशी सोय मी करून ठेवली होती. पण एका चौकोनात संकेतानंतर माझ्या बोटाने एक जास्तीची मोकळी जागा टाइप केली होती. डोळ्याला न दिसणारी. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. त्या रिकाम्या जागेने एक वर्ग रिकामा ठेवला.

त्या संध्याकाळी मी कपाटातून पत्र्याचा डबा काढला. स्टाफरूमची दोन टेबलं जोडली, पंखा बंद केला (का ते पहिल्या दोन मिनिटांत कळलं) आणि सगळ्या चिठ्ठ्या मांडायला घेतल्या. तीन तास लागले. पण मांडता मांडता शनिवारच्या दुसऱ्या तासाला दोन निळ्या चिठ्ठ्या एका ओळीत आल्या आणि त्या डोळ्यात अशा टोचल्या की मला हसूच आलं. संगणक सांगतो ते वाचावं लागतं. रंग दिसतो.

पहिला आठवडा म्हणजे तक्रारींचा आठवडा, आणि त्यासाठीच वेळापत्रकावर "तात्पुरते" असं लिहायचं असतं. मामांनी सांगितलं की रोज पाचव्या तासाला तिसऱ्या मजल्यावरून चार वर्ग एकदम उतरतात आणि त्याच वेळी मैदानावरचा वर्ग वर येतो. जिन्यात कोणीतरी पडणार. मी बारा तुकड्या आणि एकवीस रंग बघितले होते, जिना बघितलाच नव्हता. दहावीची एक मुलगी वही घेऊनच आली. मंगळवारी त्यांना ओळीने भूमिती, विज्ञान, बीजगणित, विज्ञान होतं. वर तिने हेही सांगितलं की मंगळवारी दप्तर सगळ्यात जड आणि गुरुवारी जवळजवळ रिकामं. घरच्या वजनकाट्यावर दप्तर ठेवून आली होती. दोन्ही मुद्दे बिनतोड होते.

दहावीचं गणित रोज पहिल्या तासाला हवं, सकाळी डोकं ताजं असतं, असा आमच्याकडे जुना समज आहे. माझं मत फिरलं. किशोरवयात झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, मुलांना रात्री उशिराशिवाय झोप येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये या वयाच्या मुलांची शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नये अशी शिफारस केली ती याच कारणाने. शाळेची वेळ माझ्या हातात नाही. पण पहिल्या तासाला कोणता विषय, हे आहे. माझी दहावी पहिल्या तासाला समीकरणांकडे अशी बघते की समोर भिंत आहे. ती मी तिसऱ्या तासाला नेली. एका ज्येष्ठ शिक्षकांना हे आवडलेलं नाही, आणि त्यांनी ते सांगून ठेवलंय.

शुक्रवारी आठव्या तासाला मी मोकळी होते आणि ऑफिससमोर नवं वेळापत्रक चिकटवत होते. घंटा झाली. घंटेचा आवाज संपायच्या आत विज्ञानाच्या मॅडम जिन्यावरून उतरल्या. उतरल्या म्हणजे धावल्या. हातांना खडू तसाच, पर्सचा पट्टा अर्धा खांद्यावर, मस्टरवर सही न करता फाटकाकडे. मी पाच वर्षांत त्यांना धावताना बघितलं नव्हतं. मामांनी त्यांच्यासाठी फाटक आधीच उघडून ठेवलं होतं. माझ्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि काही बोलले नाहीत.

मी चिकटवलेला कागद काढला.

शनिवार-रविवार पुन्हा चिठ्ठ्या. या खेपेला सुरुवातच त्या चौकोनापासून केली, चित्रकलेच्याही आधी. नववी ब माझ्याकडे गणिताला आहे. शुक्रवारचा आठवा मी घेतला आणि माझा गुरुवारचा दुसरा मॅडमना दिला. तो त्यांना मोकळा व्हावा म्हणून एकूण अकरा चौकोन हलले. इतिहासाच्या सरांना एकदा तिसऱ्या मजल्यावरून खाली यावं लागतंय, मी त्यांना जाऊन सांगितलं, तर म्हणाले, "एकदा काय, उतरताना दुखत नाही, चढताना दुखतं." ही नोंद मी डायरीत त्यांच्या पानावर केली. नव्या सरांचे शेवटचे तास सहावरून तीनवर आले. सोमवारचा पहिला नको असलेल्या सरांना सोमवारचा पहिला मिळाला.

सोमवारी मी मॅडमच्या टेबलावर त्यांचं नवं वेळापत्रक ठेवलं. त्यांनी ते बघितलं, शुक्रवारच्या शेवटच्या चौकोनावर बोट क्षणभर थांबलं, आणि त्यांनी कागद दुमडून पर्समध्ये टाकला. मीही काही विचारलं नाही.

रात्री सरांचा फोन आला. निवृत्तीनंतरचा पहिलाच.

"किती वेळा बदललंत?"

"चार."

"बरं आहे. माझं पहिल्या वर्षी नऊ झालं होतं." मग थोडं थांबून, "डबा वापरला का?"

"आठवड्याने."

ते हसले. मग म्हणाले, "शुक्रवारचा आठवा?"

"आता मोकळा आहे, सर."

"आता?" ते म्हणाले. आणि लगेच, "जाऊ द्या. पंखा बंद ठेवत जा."